गंगापूर धरणावर ९.९ चं आउटबोर्ड, आठ महिने: खडखड, मिसिंग आणि एक ड्रेन स्क्रू

ऑक्टोबरात नाशिकजवळचं हे धरण काठोकाठ असताना मशीन, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लावायचं आउटबोर्ड इंजिन, पाण्यात उतरलं. आज अवरमीटर १४३ तास दाखवतोय. ९.९ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, फोर-स्ट्रोक, एकच कार्बोरेटर, दोरीने चालू होणारं, शॉर्ट शाफ्ट. बाकीचे आकडे हे मशीन घेणाऱ्याला पाठ असतात, ते पुन्हा लिहीत नाही. होडी १४ फुटी फायबरची, माणसं दोन, काम जाळी टाकायचं आणि काढायचं. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ मशीन आयडलवर (रेस न देता, संथ) किंवा त्याच्या जरा वर. फुल रेसवर होडी किती पळते याचं कौतुक भरपूर वाचायला मिळतं, पण जाळ्याच्या कडेकडेने होडी सरकवताना त्याचा काही उपयोग नाही. तिथे मशीन बंद पडतं की नाही, एवढ्यावरच मी त्याला मार्क देणार.

आणि तिथेच ते ११२ तासांवर नापास झालं. गिअर टाकला की फडफडून बंद. न्यूट्रलला कसंबसं चालायचं, मध्येच कार्बोरेटरच्या तोंडातून शिंकल्यासारखा 'फट्' आवाज, आणि खाली पायातून (पाण्यात बुडणाऱ्या, गिअर असलेल्या भागातून) पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी खडखड. सर्व्हिसवाल्यांनी फोनवरच निकाल दिला: मशीन मुंबईला आणा, कार्बोरेटरची असेंब्ली बदलावी लागेल, बावीस हजारांच्या आसपास. मशीन न बघता बावीस हजार. शेवटी काम झालं ते कार्बोरेटर क्लीनरचा एक कॅन, दोन नवे प्लग आणि एक पॅकिंग एवढ्यावर, हजाराच्या आत. दुखणं कसं शोधलं तो क्रम खाली देतो, कारण याच मशीनवर याच पाण्यात काम करणाऱ्यांना हे आज ना उद्या लागणार आहे.

आधी आवाजाचं. फेब्रुवारीत मी दोघा-तिघांना ठामपणे सांगितलं होतं की या मशीनचा गिअरबॉक्स कच्चा आहे. ते मत मागे घेतो. दोन सिलिंडरचं इंजिन आयडलवर एकसंध जोर देत नाही, ठोक्याठोक्याने देतं. दोन ठोक्यांच्या मध्ये उभा शाफ्ट किंचित मागे पडतो, पुढचा ठोका त्याला झटका देतो, आणि गिअरच्या दातांत मुद्दाम ठेवलेली जी फट असते तेवढ्यात दात दातावर आपटतात. न्यूट्रलला पंख्यावर (प्रोपेलरवर) पाण्याचं ओझं नसतं, म्हणून तेव्हा ते जास्त ऐकू येतं. इंजिन मिसिंग मारायला (ठोके चुकवायला) लागलं की झटके वाढतात आणि खडखडही वाढते. दुखणं वर डोक्यात, आवाज खाली पायात. आयडल ठीक झाल्यावर नव्वद टक्के खडखड गेली, उरलेली दहा टक्के या मशीनची चाल आहे.

तरी गिअरबॉक्स निर्दोष आहे हे नुसतं मानून चालत नाही, बघावं लागतं. रेस मिनिटाला १,३०० फेऱ्यांच्या वर नेल्यावर खडखड पूर्ण थांबली तर घाबरायचं कारण नाही. रेसबरोबर आवाज वाढत जाऊन घरघर झाली तर बेअरिंग किंवा गिअर. लाकडी दांडकं एका टोकाने गिअरकेसला आणि दुसऱ्या टोकाने कानामागच्या हाडाला लावलं तर फरक स्पष्ट कळतो. मग गिअर ऑइल. खालचा स्क्रू काढायचा, त्याच्या लोहचुंबकाला काय चिकटलंय ते बोटावर घेऊन चोळायचं. करडी, काजळासारखी पेस्ट चालते. नखाने उचलता येईल असा कण निघाला तर मात्र गिअरकेस उघडायलाच हवी. ऑइल दुधाळ आलं म्हणजे पाणी शिरलंय.

पाणी शिरण्याचं आपल्याकडचं कारण नायलॉनचं जाळं. जुन्या तुटक्या जाळ्याचे धागे पाण्यात तरंगत असतात. पंख्यामागे धागा गुंडाळला गेला की घर्षणाने गरम होऊन शाफ्टच्या ऑइल सीलमध्ये घुसतो आणि सीलची कड कापतो. दर पंधरा दिवसांनी पंखा काढून मागे बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे. पिन सरळ करायची, नट काढायचा, पंखा बाहेर. परत बसवताना पंख्याच्या पुढचा जाड पितळी वॉशर विसरू नका. तो राहिला तर पंखा पुढे सरकून गिअरकेसवर घासतो, आणि तो आवाज गिअर तुटल्यासारखाच येतो. शाफ्टच्या आऱ्यांना (उभ्या खाचांना) वॉटरप्रूफ ग्रीस. ऑइल भरायचं ते खालच्या भोकातून वर, वरच्या भोकातून वाहायला लागेपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर दरवेळी नवे.

बाकीचे आवाज थोडक्यात. वरून एकसारखी टिकटिक, रेसबरोबर जलद होणारी: टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. थंड इंजिनवर फीलर गेजने बघायचं. माझ्या पुस्तिकेत इनटेक ०.१५ ते ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.२० ते ०.३० मिलिमीटर आहे, तुमच्या पुस्तिकेतलं माप तेच धरू नका. होडीच्या मागच्या फळीतून ढोलासारखी घुमणारी धडधड: क्लॅम्पचे स्क्रू ढिले. मिसिंगवाल्या मशीनच्या थरथरीने ते आपोआप सैल होतात, म्हणून साखळी बांधलेलीच असावी. फ्लायव्हीलकडून जड 'ढक् ढक्' आली तर मशीन तिथेच बंद करा, नट सैल असू शकतो आणि त्यातली चावी (फ्लायव्हील शाफ्टला अडकवणारा धातूचा तुकडा) कापली गेली की ठिणगीचं टायमिंग जातं.

आता मिसिंग. इथे एकच कार्बोरेटर दोन्ही सिलिंडरना पेट्रोल देतो, आणि निदानाला ही गोष्ट फार उपयोगी आहे. दोन्ही सिलिंडर सारखेच अशक्त असतील तर संशय पेट्रोल-हवेवर. एकच मेलेला असेल तर प्लग, कॉइल, वायर, नाहीतर कॉम्प्रेशन. चालत्या मशीनवर प्लगची टोपी उपटून बघायची गॅरेजची सवय इथे नको. ठिणगीला जमिनीची (अर्थिंगची) वाट मिळाली नाही तर कॉइल आणि सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दोन्ही धोक्यात येतात, आणि हाताला झटका बसतो तो वेगळाच. मशीन बंद करा, एका टोपीत जुना प्लग घाला, त्याचं धातूचं अंग ब्लॉकला तारेने घट्ट बांधा, मग चालू करा. एका सिलिंडरवरही ते अडखळत का होईना चालतं. मग दुसऱ्या बाजूने हेच. माझ्याकडे दोन्ही बाजूंनी सारखंच रडत होतं. कॉम्प्रेशन दोन्हीकडे जवळपास सारखं (दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, मोजताना दोन्ही प्लग काढलेले आणि थ्रॉटल पूर्ण उघडा हवा, आणि इग्निशन बंद). प्लग काळे, पण कोरडे. म्हणजे इग्निशनवरचा संशय बाद.

पुढची तपासणी फुकटची आणि सगळ्यात कामाची. पेट्रोलच्या नळीवरचा, हाताने दाबायचा रबरी फुगा. मशीन मरायला आलं की फुगा दाबायचा. दाबल्यावर सावरलं तर पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतच नाही: नळी, जोड, फिल्टर, नाहीतर पंपाचा पडदा. फुगा स्वतःच चपटा झालेला दिसला तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय. पाच-दहा मिनिटं चालून मरणाऱ्या मशीनचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. फुगा टणक आहे, दाबूनही काही फरक नाही, चोक अर्धा ओढला की मात्र मशीन सावरतं, आणि कार्बोरेटर शिंकतोय: मग मिश्रण पातळ आहे (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि आयडलचा मार्ग तुंबलाय. चोकने सावरणं ही खूण लक्षात ठेवा. त्याआधी एकदाच कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारून बघा. रेस बदलली तर तिथून हवा खेचतेय, जेट निष्पाप आहे.

कार्बोरेटर काढायला दोन बोल्ट, थ्रॉटलची दांडी, चोकची दांडी आणि पेट्रोलची नळी. खालच्या वाटीच्या चार स्क्रूंना अगदी मापाचा स्क्रूड्रायव्हर लागतो, जरा सैल असला तर मुंडी घासलीच. वाटी उघडली तेव्हा तळाला गुळाच्या पाकासारखा पिवळसर थर होता, बोटाला चिकटणारा, आणि त्यात पांढरी बुकटी. मेन जेट स्वच्छ. आयडलचा छोटा पितळी जेट बाजूच्या रबरी बुचाखाली असतो. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान आहे. तो चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडाकडे केला की निरोगी जेटमध्ये गोल, धारदार ठिपका दिसतो. माझ्यात चंद्रकोर दिसत होती. अख्ख्या ९.९ हॉर्सपॉवरची आयडल या चंद्रकोरीवर चालली होती, दोन्ही सिलिंडरची.

साफ करताना सुई किंवा लोखंडी तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की मशीन कायमचं जास्त पेट्रोल पिणार. विजेच्या लवचीक वायरीतला तांब्याचा एक केस पुरतो. आधी जेट रात्रभर क्लीनरमध्ये बुडवा, मग तांब्याचा केस, मग फवारा. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत वळसे मोजा आणि कागदावर लिहा. माझे सव्वादोन होते. न मोजता काढला तर परत बसवताना अंदाजपंचे काम होतं. त्या भोकातून फवारा मारला की थ्रॉटलच्या पाकळीजवळच्या तीन बारीक छिद्रांतून तीन धारा निघायला हव्यात. दोनच निघाल्या तर काम अर्धवट आहे. डोळ्यांवर चष्मा, आणि रबरी रिंगा क्लीनरपासून लांब, फुगतात.

आयडल लावताना दोनशे लिटरच्या पिंपावर विसंबू नका. पिंपात एक्झॉस्टचा धूर साचतो, पाण्यात बुडबुडे होतात, आणि बरं मशीनही अडखळायला लागतं. पिंप फक्त चालू होतंय का बघण्यापुरतं. खरी आयडल धरणात, दहा मिनिटं गरम करून, होडी बांधून. माझ्या पुस्तिकेत न्यूट्रलला १,०५० आहे. प्लगच्या वायरीला गुंडाळायचं स्वस्त टॅकोमीटर पुरेसं, पण या इंजिनात दर फेऱ्याला ठिणगी पडते, त्यामुळे मीटरची सेटिंग तशी करा. आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसला तर मशीनचा दोष नाही, सेटिंगचा आहे. बरं झाल्यापासून ३१ तास चाललं, गिअरमध्ये एकदाही मेलं नाही.

तर मग तो पाक आला कुठून? २०२५ पासून पंपांवर मिळणारं साधं पेट्रोल ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) आहे, आणि माझ्या मशीनच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा दहा टक्के छापलेली आहे. विकताना हे कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं होतं, याचा राग अजून आहे. स्वतः तपासायचं असेल तर मापाच्या नळीत नव्वद मिली पेट्रोल, दहा मिली पाणी, हलवून पाच मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर दहाचा अठ्ठावीसच्या आसपास झाला तर ते वीस टक्के. इथेनॉल हवेतला ओलावा खेचतं, आणि पेट्रोल थंड झालं की त्याची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते. निफाडचा घसरलेला पारा पेपरात पहिल्या पानावर येतो त्या थंडीच्या आठवड्यांत अर्धी रिकामी टाकी रात्री उघड्यावर ठेवणं म्हणजे तळाला पाणी साचायला निमंत्रण. उन्हाळ्यात उलटं: एप्रिल-मेच्या उन्हात वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकटा राहतो. जेट बुजवायला हे दोन्ही ऋतू एकमेकांना मदत करतात.

पण सगळं खापर इथेनॉलवर फोडायला मी आता तयार नाही. मार्चपर्यंत फोडत होतो. इथेनॉल सगळ्यांच्याच टाकीत आहे, वाटी दर आठवड्याला रिकामी करता आली तर ते फारसं बाधत नाही. या मशीनमध्ये ती करता येत नाही, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. वाटीच्या तळाला ड्रेन स्क्रू दिलाय, पण त्याची मुंडी हवेच्या डब्याच्या (कार्बोरेटरला हवा देणाऱ्या) मागे, ब्लॉकपासून जेमतेम चार बोटांवर. सरळ स्क्रूड्रायव्हर जातच नाही. डबा काढायचा तर तीन बोल्ट आणि एक नळी. आठवड्याला कोण करणार? नळी काढून मशीन मरेपर्यंत चालवलं की वाटी रिकामी होते, असा बऱ्याच जणांचा समज आहे, पुस्तिकेतही तेच सुचवलंय. होत नाही. पेट्रोल जेटच्या तोंडाखाली गेलं की मशीन मरतं, आणि तळाशी उरलेलं तिथेच सुकतं. जेवढं उरतं तेवढंच बाधतं.

दोन गोष्टी आणखी, कारण आयडल बिघडायला त्याही पुरतात. पहिली थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला तर इंजिन गरमच होत नाही, थंडीत चोकशिवाय चालत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास, ही त्याची खूण. तपासायला पातेल्यात पाणी, दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, थर्मामीटर. त्याच्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे, थंड पाण्यात पूर्ण मिटलेला. आमचा ठीक निघाला, तरी ऑइल वाढत होतं, कारण दिवसभर नुसती संथ चाल. आता परतताना दहा मिनिटं अर्ध्याहून जास्त रेसवर आणतो, पातळी स्थिर आहे. दुसरी वाहतूक. फोर-स्ट्रोक मशीन पिकअपमध्ये आडवं टाकायचं ते बाण दाखवलेल्या बाजूवरच. चुकीच्या कुशीवर झोपवलं तर क्रँककेसमधलं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं, प्लग भिजतात, आणि चालू झाल्यावर पांढरट-निळ्या धुरासकट मिसिंग. तसं झालंच तर दोरी जोराने ओढू नका, आधी प्लग काढून ऑइल बाहेर येऊ द्या.

पाण्याच्या बाबतीत मशीनने मला सुखद धक्का दिला. मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर बॅकवॉटरला गाळ वर येतो, तरी इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार १४३ तासांनंतरही करंगळीएवढी जाड आहे. इंपेलर (पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी पंखा) काढून बघितला: सहाही पाकळ्या शाबूत, फक्त टोकं जराशी गोल. नदीपात्रात जलपर्णी आहे तिथे मशीनच्या पाणी घ्यायच्या जाळीवर तिची मुळं बसतात आणि धार बारीक होते. मशीन उचलून हाताने काढली की झालं. कोरडं अर्धा मिनिटही चालवू नका, पाकळ्या जळतात. हवेच्या डब्याच्या जागेचा विचार करणाऱ्याने इंपेलर करणाऱ्याचा हात बघायला हवा होता.

ताकदीचं एवढंच: नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब साधारण सात टक्के कमी. कसारा घाटाच्या खाली, कोकणात, दिसतो तो वेग इथे दिसणार नाही. ओझं असेल तर एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे ढकलणारा) पंखा लावा.

ड्रेन स्क्रूचं मी शेवटी असं केलं. मूळ स्क्रू घेऊन सातपूरच्या लेथवाल्याकडून त्याच आट्यांचा पितळी स्क्रू करून घेतला, मुंडी पंचेचाळीस मिलिमीटर लांब, टोकाला नाण्यासारखी खरखरीत चकती. चोकच्या दांडीला लागत नाही ना हे तीन वेळा फिरवून बघितलं. मुंडीखाली पेट्रोलला टिकणारी रबरी रिंग, साधी चालत नाही. आता डबा न काढता दोन बोटांनी दीड वळसा, तोटीला पारदर्शक नळी, नळीखाली काचेची बाटली. तीस-चाळीस मिली निघतं. एक थेंबही पाण्यात पडू द्यायचा नाही, हे पाणी शहराच्या नळाला जातं.

परवाच्या बाटलीत तळाला मुगाच्या दाण्याएवढे पाण्याचे दोन गोळे फिरत होते. टाकीच्या झाकणाचं रबर काढून बघितलं, एका जागी चीर आहे. नवं बसेपर्यंत टाकी रात्री घरात.